तीस एप्रन

बालवाडीच्या मोठ्या बाईंनी दोन एप्रन बुटक्या टेबलावर शेजारी शेजारी पसरले, खांद्यांच्या शिवणी एका रेषेत आणल्या आणि चष्मा कपाळावर सरकवून विचारलं, “ताई, हे दोन्ही तुम्हीच शिवलेत ना?” तिने मान डोलावली. टेबल चार वर्षांच्या मुलांच्या उंचीचं होतं, त्यामुळे दोघींनाही ओणवं होऊन बघावं लागत होतं. “मग याची बाही इथे का संपते, आणि याची इथे का?” बाईंचं एक बोट एका बाहीच्या टोकावर होतं, दुसरं दुसऱ्या. मधल्या जागेत तिची स्वतःची दोन बोटं सहज मावली असती. तिने पाहिलं. जिन्याची अजून एक पायरी आहे असं समजून पाऊल टाकावं आणि ती नसावी, तसं तिला झालं. नुसती बाहीच नव्हती. एकाचा खिसा लहान आणि चौकोनी, दुसऱ्याचा खोल, कोपरे गोल केलेला. एकाला छातीवर चुण्या, दुसरा सरळ खाली उतरलेला. निळा रंग तेवढा दोघांचा सारखा होता. “तिसरा काढू?” बाई म्हणाल्या आणि गठ्ठ्यातून त्यांनी काढलाही. “हा बघा. हा या दोघांचा मावसभाऊ दिसतोय.”

“कापायचा कागदी बेत एकच होता, बाई,” ती म्हणाली. “असेल. पण कापडापर्यंत तो पोचलेला दिसत नाही.” मग बाईंचा आवाज जरा मऊ झाला. त्या बालवाडीत तीस वर्षं होत्या आणि कुणालाही रागावताना दोन वाक्यांनंतर मऊ व्हायची त्यांना सवय होती. “शिवण सुरेख आहे, मी खोटं बोलणार नाही. पण ही चार वर्षांची माणसं आहेत. यांना आकडे येत नाहीत, पण शेजारच्याचा खिसा मोठा आहे हे दारातून कळतं. सोमवारी वर्ग सुरू होतात. पहिल्याच दिवशी मला तीस जणांची रडारड नको. सगळे एकसारखे करून आणा. जमणार नसेल तर आत्ताच सांगा, मी तयार मिळतात ते मागवते. दुकानात एक फोन केला की संध्याकाळी दारात असतात.” तिने जमेल म्हटलं. ते आपणच म्हटलं की टेबलाच्या पलीकडून कुणी म्हटलं, हे तिला नीट कळलं नाही. मग तिने तीसच्या तीस एप्रन पुन्हा पिशवीत भरायला घेतले. येताना ते पिशवीत बसले होते, जाताना बसेनात. शेवटचे तीन तिने हातावर घेतले.

बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली. मांडीवर पिशवी, पिशवीवर तीन एप्रन आणि त्यांवर हात. शुक्रवारची दुपार होती, बस अर्धी रिकामी. ती जिथे शिवायची तो कपड्यांचा कारखाना बंद झाला तेव्हा मिळालेल्या रकमेपैकी अर्धी तिने बँकेत ठेवली होती आणि त्या अर्ध्याला हात लावायचा नाही असं स्वतःलाच बजावलं होतं. उरलेल्या अर्ध्यातून एक जुनं मशीन, एक लांब टेबल, एक लहान मुलाच्या मापाचा कापडी पुतळा आणि एका ऑर्डरपुरतं निळं कापड. दुकान नाही, पाटी नाही, मदतीला माणूस नाही. सगळं एका खोलीत. एकदा चुकता येईल एवढीच पुंजी होती, दोनदा नाही. ही ऑर्डर बसली तर बालवाडीच्या दुसऱ्या दोन शाखा होत्या, तिथे मोठ्या बाईंचा शब्द चालत होता. नाही बसली तर मशीन विकायचं, खोली सोडायची आणि दादाकडे जायचं. दादाच्या घरी मागची खोली होती. हे सगळं तिने पक्कं ठरवलं होतं, पाटीवर लिहून ठेवल्यासारखं, आणि त्यात कुठेही बाहीची लांबी नव्हती.

कारखान्यात तिचं काम एकच होतं, पहिला नग शिवायचा. लांबच्या कुठल्या तरी गिऱ्हाईकाला दहा हजार शर्ट हवे असले, तर आधी एक शर्ट शिवून त्याला दाखवतात. तो एक शर्ट ती शिवायची. मग साहेब तो टेबलावर पसरून टेप लावणार, उलटा करून टीप बघणार आणि चिठ्ठी लिहून टाचणीने टोचणार. कॉलर जड. काज अर्धा दोरा वर. मग ती दुसरा शिवणार, त्यालाही चिठ्ठी. असं करत करत एक दिवस चिठ्ठीवर नुसतं ‘ठीक’ असं यायचं. मग त्या शर्टाला लाल दोरा बांधून तो हॉलमध्ये जाई आणि हॉलमधल्या दीडशे बायका त्याच्याकडे बघून दहा हजार शिवत. तिने अठ्ठावीस वर्षांत एकाच मापाचे एकसारखे दोन कपडे कधी शिवले नव्हते. कुणी तिला शिवायला सांगितलेही नव्हते. हॉलमधल्या बायका तिला सॅम्पलताई म्हणत. काही जणी म्हणताना एकमेकींकडे बघून हसत, आणि तिला त्याचं फारसं वाटत नसे, कारण सॅम्पलची खोली काचेची होती आणि हसू काचेतून दिसायचं, ऐकू यायचं नाही. दुपारच्या सुट्टीत हॉलमध्ये डबे उघडत, कुणाच्या सासूची नक्कल होई, दीडशे मशीन बंद आणि दीडशे तोंडं चालू. काचेच्या खोलीत ती आणि कटिंगमास्तर, आपापल्या डब्याकडे बघत जेवत.

लाल दोरा बांधलेला नग पुढे कुठे जातो, असं तिने एकदा मास्तरांना विचारलं होतं. “कपाटात,” मास्तर म्हणाले. “आणि नंतर?” “नंतर नवं कपाट घेतात.” म्हणजे तिने शिवलेला एकही कपडा कुणी कधी घातला नव्हता. तेव्हा तिचं वय तिशीच्या आत असेल. ती घरी गेली, तिने पोळीभाजी केली, झोपली. पण त्यानंतर रस्त्यात कुणाच्या अंगावर त्यांच्याच कारखान्याचा शर्ट दिसला की ती पुढे जाऊन वळून बघे. शर्ट तिच्यासारखाच असे, तिचा नसे. कुणाच्या दिवाणखान्यात आपल्यासारख्या दिसणाऱ्या दुसऱ्याच बाईचा फोटो लावलेला दिसावा, असं काहीतरी. हे कुणाला सांगावं असं नव्हतं, आणि सांगायचं म्हटलं तरी सुरुवात कुठून करणार?

बस थांबली, तेव्हा तिच्या लक्षात आलं की आपण एक थांबा पुढे आलो आहोत. ती मागे चालत आली. घराच्या जिन्याखालच्या टपरीत चावीवाला दोन चाव्या एकावर एक धरून उजेडात बघत होता. त्याने पिशवी पाहिली. “परत?” “परत.” “काय म्हणतात?” “एकसारखे नाहीत म्हणतात.” त्याने चावी खाली ठेवली. “माझं बरं आहे बघा, ताई. मी जरा सुधारणा केली की दारच उघडत नाही. तुमच्या कापडाला कुलूप नाही, हा घोळ आहे.” मग तिचा चेहरा बघून त्याला वाटलं असावं की मदत करायला हवी. “सांगून टाका त्या बाईंना, मुलं तरी कुठे सारखी असतात म्हणावं.” ती जिना चढत असताना हे वाक्य तिच्या मागून वर येत राहिलं. वाक्य चांगलं होतं. कुठेही लिहून लावावं असं होतं. पण असल्या वाक्यावर ऑर्डर पास होत नाही, हे तिला काचेच्या खोलीतसुद्धा कळलं होतं.

खोलीत तिने पलंगावर, टेबलावर, खुर्चीच्या पाठीवर आणि शेवटी जमिनीवर वर्तमानपत्रं घालून तीसही एप्रन ओळीने मांडले. प्रत्येकाच्या आत, मानेच्या पट्टीला, तिचीच एक चिठ्ठी टाचलेली होती, काढायची राहून गेलेली. ते तिने केलं होतं. साहेब नव्हते, म्हणून पहिला एप्रन झाल्यावर तिने तो खुंटीला टांगला, चार पावलं मागे गेली आणि स्वतःच चिठ्ठी लिहिली: मुलं रंगवताना बाही रंगात बुडेल, कमी करणे. दुसऱ्यात बाही कमी केली. दुसऱ्याची चिठ्ठी: चुण्यांत रंग साठेल. तिसऱ्यात चुण्या कमी. सातव्याला खिसा उथळ वाटला, अठराव्याला खिशाचे कोपरे टोचतील असं वाटलं, चोविसाव्यापासून कफ काढून तिने इलॅस्टिक घातलं. एक झाला की त्याची घडी घालून पिशवीत, मग पुढचा खुंटीवर. खुंटीवर नेहमी एकच होता. दोन एप्रन एका वेळी बघणारं घरात दुसरं कुणी असतं, नुसतं चहाचा कप घेऊन दारात उभं राहणारं, तर पाचव्याच दिवशी म्हणालं असतं, अगं, हा काही त्याच्यासारखा नाही. आता तीस एकत्र पाहताना पहिल्यापासून तिसाव्यापर्यंत एक जीव हळूहळू मोठा होत गेल्यासारखा दिसत होता. पहिला बावळट, बाह्या लोंबणारा. तिसावा हलका, नेमका, कुठेही ओढ नाही, कुठेही झोळ नाही. ते वीस दिवस ती सुखात होती. एवढी की रोज सकाळी उठल्यावर आज काय दुरुस्त करायचं या विचाराने तिला पटकन तोंड धुवावंसं वाटे. तेच नेमकं चुकलं होतं. पहिल्यालाच लाल दोरा बांधून मग डोळे मिटून एकोणतीस वेळा तेच करायचं असतं, हे तिला ठाऊक होतं. पण ते हॉलमधल्या बायकांचं काम म्हणून ठाऊक होतं.

शनिवारी सकाळी दादाचा फोन आला. तिचं वय बावन्न, पण दादाला ती छोटीच होती. “छोटी, कसं चाललंय? बसली का ऑर्डर?” “बसतेय.” “बसतेय म्हणजे उभी आहे अजून.” तो स्वतःच्याच विनोदावर हसला आणि मग खोकला. “हे बघ, घाई नाही, पण मागची खोली रंगवून घेतलीय. तुझी वहिनी म्हणते पडदे तूच शिव, तुझ्यासारखे कुणाला येणार? मशीनला पण एक गिऱ्हाईक आहे माझ्या बघण्यात. तू नुसतं हो म्हण.” मागून वहिनीचा आवाज आला, “अहो, तिला जेवली का ते विचारा आधी!” “जेवलीस का?” “सकाळचे नऊ वाजलेत, दादा.” “बरं मग, जेव नंतर.” फोन ठेवल्यावर तिने टाके काढायची उसवणी हातात घेतली. ती सगळी माणसं चांगली होती. तीच तर भीती होती. वाईट माणसांना नाही म्हणता येतं. मागच्या खोलीत ती सगळ्यांच्या चेना बदलून देईल, पॅंट खालून दुमडून देईल, शेजारणीच्या मुलीचा फ्रॉक सैल करून देईल. सगळे म्हणतील, आत्या आहे म्हणून बरं. आणि एक दिवस भाच्याचा मुलगा पाहुण्यांना सांगेल, ही आमच्याकडे राहते. तिला ते दृश्य इतकं स्पष्ट दिसलं की पाहुण्याच्या शर्टाची कॉलर जरा जड आहे, हेही दिसलं.

काम समजायला सोपं होतं, करायला नाही. कापड कमी करता येतं, वाढवता येत नाही. तिने एका कागदावर मांडून पाहिलं. बाही सगळ्यात आखूड होती तिसाव्याची, म्हणून सगळ्यांची तेवढी. छाती सगळ्यात अरुंद बाराव्याची, म्हणजे सगळ्यांच्या चुण्या जाणार. खिसे सगळ्यात लहान पहिल्या सातांचे. नवे खिसे कापायला निळं कापड उरलं नव्हतं, उरलं होतं ते जेमतेम एका एप्रनपुरतं. म्हणजे तेवीस सुरेख खोल खिसे कापून चौकोनी करायचे. जो एप्रन यातून तयार होणार होता, तो या तिसांत कुठेच नव्हता. तो तिने आपणहून कधीच शिवला नसता. साहेबांनी त्यावर भली लांब चिठ्ठी लिहिली असती. तिने पहिल्याची टीप उसवली. उसवताना एक बारीक आवाज होतो, दाताखाली धागा तुटल्यासारखा. पहिले दहा उसवताना काही वाटलं नाही, ते तसेही कच्चेच होते. पंधराव्यानंतर हात मंदावला. विसाव्याचा गोल खिसा कापताना तिने खडूची रेघ दोनदा पुसली आणि दोनदा ओढली. रेघ दोन्ही वेळा तिथेच आली.

दुपारी ऊन टेबलावर आलं तेव्हा तिला तो कोट आठवला, कारण नसताना. लांब, गडद, अस्तराचा कोट. बाहेरच्या थंड मुलखातल्या बायकांसाठी. पाचव्या नगाला ठीक आलं होतं. सुट्टीत हॉल गजबजलेला, काचेला पडदा ओढलेला, मास्तर खाली गेलेले. तिने कोट अंगात घातला. लाल दोरा बाहीला लोंबत होता. आरशात एक बाई उभी होती आणि ती कुठेतरी जायला निघालेली होती, हे उघड दिसत होतं. किती वेळ गेला कुणास ठाऊक, आणि आरशात तिच्या मागे मास्तर उभे दिसले. तिला वाटलं, आता ओरडतील. लाल दोऱ्याच्या नगाला हातमोज्यांशिवाय हातही लावत नसत. मास्तरांनी टेबलावरचा ब्रश घेतला आणि तिच्या एका खांद्यावरून, मग दुसऱ्या खांद्यावरून सावकाश फिरवला. पाठीवरचा एक केस दोन बोटांनी उचलून बाजूला टाकला. दोन पावलं मागे जाऊन पाहिलं. साहेब बघतात तसंच पाहिलं, वरपासून खालपर्यंत. मग म्हणाले, “काढा आता.” ती त्यानंतर सतरा वर्षं त्याच खोलीत त्यांच्यासमोर जेवली. मास्तरांच्या घरी बायको होती, दोन मुली होत्या. ते निवृत्त झाले, त्यानंतर दीड वर्षाने वारले. तेव्हा अंत्यदर्शनाला जायला हॉलमधून बस ठरवली होती, पण काचेच्या खोलीत कुणी विचारायला आलं नाही. तिला कळलं ते दुसऱ्या दिवशी. तिला त्या कोटात पाहून मास्तरांच्या मनात कोणती चिठ्ठी आली असेल, हे तिने नंतर बरेचदा स्वतःला विचारलं होतं. आता पुन्हा विचारलं. मशीनची सुई वर राहिली होती. तिने चाक फिरवून ती खाली आणली.

रविवारी दुपारपर्यंत एकोणतीस झाले. ते टेबलाच्या एका बाजूला एकावर एक रचल्यावर कडा सरळ उतरत होत्या, विटांसारख्या. तिसावा खुंटीवर होता. त्याची बाही बरोबरच होती, तीच तर सगळ्यांना दिली होती. फक्त अंग जरासं घ्यायचं आणि खिसा कापायचा. पाऊण तासाचं काम. पण उरलेलं निळं कापड होतं ना, जेमतेम एकापुरतं. त्यातून नवा, बाकीच्यांसारखा एक शिवता येईल आणि हा तिसावा असाच ठेवता येईल, खुंटीवर. कुणाला देण्यासाठी नव्हे. असावा म्हणून. तिने कापड टेबलावर पसरलं, त्यावर कागदी बेत ठेवला, कडेला टाचण्या लावल्या, खडू घेतला. मग तिला खुंटीवरचा एप्रन दिसला आणि त्याच्या शेजारी भिंत दिसली, आणि त्या भिंतीला पुढच्या वर्षी कपाट घ्यावं लागेल, हे इतकं साधं आणि थंडपणे तिच्या मनात आलं की तिने खडू खाली ठेवला. टाचण्या एकेक काढल्या. कापडाची घडी केली. एप्रन खुंटीवरून काढला, उलटा केला आणि खिसा कापला. शेवटची टीप घालून झाल्यावर तिने तो गठ्ठ्यात ठेवला आणि पाणी प्यायला उठली, आणि परत आली तेव्हा तिसावा वरून पहिला की मधे कुठे सरकवला, हे तिचं तिलाच आठवेना. चिठ्ठ्या तर सगळ्या कालच केरात गेल्या होत्या.

सोमवारी मोठ्या बाईंनी दोन एप्रन काढले, मग आणखी दोन, मग गठ्ठ्याच्या तळातून एक. खांद्याला खांदा लावून पाहिला. “आता कशा सख्ख्या बहिणी दिसतात,” त्या म्हणाल्या. “थांबा, घालूनच बघू.” दार उघडलं आणि मुलं आली. तिने मुलांच्या मापांवर तीन आठवडे काम केलं होतं, पण तीस मुलं एका खोलीत एकदम येतात तेव्हा मापं कुठे जातात ते कळत नाही. कुणी बाहीत डोकं घातलं, कुणी दोन पाय. एक मुलगी तिच्यापुढे पाठ करून उभी राहिली, मान खाली घालून, जणू हे रोजचंच आहे. “लाव,” मुलगी म्हणाली. तिने मानेमागचं बटण धरलं. अठ्ठावीस वर्षं तिने बटणं लावली होती, पुतळ्यांना. ही मान गरम होती आणि हलत होती. “तुझी बोटं गार आहेत,” मुलगी म्हणाली. “हो का?” “हो. आणि तू कोण?” ती काय सांगावं ते ठरवत होती, तेवढ्यात मुलगी ओरडली, “आई गं!” मानेवरचे बारीक केस काजात, बटणाखाली अडकले होते. तिने बटण काढलं, केस सोडवले, पुन्हा लावलं, पुन्हा अडकले. मागच्या दोन मुलांनीही मानेवर हात नेलेला तिने पाहिला. पुतळ्याला केस नसतात. तीसही चिठ्ठ्यांत हे कुठे आलं नव्हतं.

मोठ्या बाई दारातून म्हणत होत्या, “छान झालं काम. पुढच्या महिन्यात दोन्ही शाखांना वीस-वीस लागतील. अगदी अस्सेच हं, जराही इकडेतिकडे नको.” म्हणजे ऑर्डर बसली होती. एवढंच ऐकून जिना उतरायचा होता, दादाला फोन करायचा होता. मुलगी मान चोळत होती. हातातलं बटण सोडून ती उभी राहिली आणि म्हणाली, “असे नकोत, बाई.” मोठ्या बाईंचा चष्मा कपाळावर गेला. “आता काय?” “वरचं बटण. केस अडकतात. तिथे टिचबटण हवं, सपाट. या तिसांना पण आणि त्या चाळिसांना पण. सगळ्यांना सारखं. यांचं मी बदलून देते, त्याचे पैसे नकोत.” बाईंनी एका मुलाला फिरवून त्याच्या मानेत बोट घातलं, बटण चाचपलं. मग त्यांच्या डोळ्यांत एक घरगुती लबाडी आली. “फुकट बदलताय तर शनिवारी न्या आणि सोमवारी आणा. धुऊन आणा पण. इथे आमची धुणारी बाई आधीच कुरकुरतेय.”

शनिवारी तिने एप्रन नेले तेव्हा ते निळे होते असं म्हणायला फक्त पाठी उरल्या होत्या. जिन्याखाली चावीवाल्याने पिशवीतून बाहेर आलेली एक हिरवी-पिवळी बाही पाहिली आणि हात जोडले. रविवारी सकाळी ती बादल्या भरून बसली. पाण्यात टाकण्याआधी खिसे बघायला हवेत हे तिच्या लक्षात आलं ते पहिला खिसा जड लागला म्हणून. त्यात एक खडा होता. तिने तो बशीत ठेवला. दुसऱ्यात पेन्सिलीचं टोक आणि कागदाची बारीक घडी, घडीत काहीच लिहिलेलं नाही. मग बाटलीचं झाकण, वाळकं पान, चारदा चघळलेली दोरी, कुणाच्या तरी बाहुलीचा एक पाय, बसचं जुनं तिकीट, दोन बिया एकमेकींना चिकटवलेल्या. एवढ्या लहान खिशात एवढं काही ठेवता येतं हे तिला कुणी सांगितलं असतं तर तिने खोल खिशांसाठी एवढा जीव टाकला नसता, किंवा कदाचित जास्तच टाकला असता. काही खिसे रिकामे होते. ते तिने दोनदा चाचपले.

धुऊन झाल्यावर तिने खोलीभर दोऱ्या बांधल्या, खिडकीपासून दारापर्यंत, दारापासून पलंगापर्यंत. तीस एप्रन वाळत पडले आणि खोलीत उभं राहायला जागा उरली नाही. मशीनपाशी जायचं तर वाकून, त्यांच्या ओल्या कडा केसांना लागू देत जावं लागत होतं. हिरवा डाग कुठे कुठे उरला होता, पण फिकट, आणि साधारण सगळ्यांवर सारखाच. दुपारी ते वाळले. तिने टिचबटणं लावली, इस्त्री केली, घड्या घालायला घेतल्या, आणि बशी समोर ओढली, खिशातलं ज्याचं त्याच्या खिशात परत घालावं म्हणून. खडा हातात घेतला. समोर तीस एप्रन होते. तिने एक उचलला, खिसा पाहिला, ठेवला. दुसरा उचलला. बाही तीच, खिसा तोच, अंग तेच. टेप लावून बघावं तरी काही कळलं नसतं. काम इतकं चोख झालं होतं. खडा कुणाचा होता, बाहुलीचा पाय कुणी जपून ठेवला होता, रिकामे खिसे कुणाचे होते, हे सांगणारी एकही खूण तिने कुठे शिल्लक ठेवली नव्हती.

खाली चावीवाल्याचं यंत्र एकदा करकरलं आणि थांबलं. मग तिने सगळ्या वस्तू एका डब्यात भरल्या, दोरी गुंडाळून, पान सगळ्यात वर. डब्याचं झाकण लावलं, पुन्हा काढून पाहिलं. उद्या विचारावं लागणार होतं. तिसांनाही, एकेकाला, त्यांच्या उंचीला वाकून.